गाभ्यातला मावा

पेद्रात्सींच्या मळ्यात लेट्यूसच्या गाभ्यात मावा शिरला, ते साल आम्पारोला आठवतं ते वासावरून. नांगराखाली चिरडलेल्या कोवळ्या पानांचा ओलसर, हिरवा, किंचित कडवट वास. पुढे आयुष्यात बरंच काही झालं. लग्न झालं, मुली झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले. पण उन्हाळ्यात सॅलिनासच्या खोऱ्यात धुकं जमिनीला चिकटून बसलं, की तो वास अजूनही आपसूक नाकात येतो आणि ती हातातलं काम ठेवून क्षणभर उभी राहते.

त्या वेळी ती पंचविशीतली होती. सीमेपलीकडचं, मिचोआकानातलं गाव सोडून थोरल्या बहिणीच्या, चेलोच्या, मागोमाग इकडे आलेली. दोघी पेद्रात्सींच्या मळ्यावर भरणीच्या यंत्रावर कामाला होत्या. ते यंत्र दोन्ही बाजूंना पंख पसरून शेतातून गोगलगायीसारखं सरकायचं. पुढे पुरुष वाकून गड्डे कापायचे, बाहेरची पानं झटकून वर टाकायचे आणि पंखांवर उभ्या असलेल्या बायका ते पिशव्यांत भरायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला रुमाल, नुसते डोळे उघडे. अशा अवतारातही कोण कोणावर चिडलंय हे सगळ्यांना बरोबर कळायचं.

चिडायच्या त्या बहुतेक आम्पारोवर. कारण तिचा हात सावकाश. हातात आलेला गड्डा ती आधी फिरवून बघायची, पानं सारून आत डोकावायची आणि मग पिशवीत घालायची.

"अगं, भर की," चेलो ओरडायची. "मुलगी बघायला आलेल्या सासूसारखी काय निरखतेस?"

"बघते नुसतं."

"बघते नुसतं म्हणे. तुझ्यापायी आमचं जेवण लांबतंय."

त्या दिवशीही ती बघतच होती. लांब पानांचं लेट्यूस, बाहेरून असं टवटवीत की कुणीही फसावं. तिने मधली पानं बोटांनी फाकवली. अगदी आत, जिथं पानं पिवळट आणि बाळाच्या कानासारखी चुणीदार असतात, तिथं बारीक ठिपके दिसले, काही हिरवे, काही गुलाबी. ती वाकून बघायला लागली तर ठिपके चालायला लागले.

"चेलो, हे बघ."

चेलोने पाहिलं. तिने स्वतःच्या हातातला गड्डा उघडला. त्यातही तेच होतं. तिच्या पलीकडच्या बाईच्या गड्ड्यातही.

मावा काही त्या खोऱ्याला नवा नव्हता. पण जुना मावा बाहेरच्या पानांवर बसायचा. वरची पानं काढून टाकली की विषय संपला. हा नवा थेट गाभ्यात घुसायचा. पानं मिटून गड्डा बांधला गेला, की आत याचं कुटुंब सुखाने नांदत असायचं आणि फवारणी बाहेरच्या बाहेर ओघळून जायची. खरेदीदाराच्या तपासनिसाने त्याच सकाळी गड्डे उभे चिरले, नकारार्थी मान हलवली, आणि गाडीत बसून निघून गेला.

मालक एल्व्हियो पेद्रात्सी साठी उलटलेले, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या डोंगराळ भागातून त्यांचे आजोबा या खोऱ्यात आले ते गाई राखायला. लेट्यूस आलं ते त्यांच्या बापाच्या वेळी. मळ्यावरची स्पॅनिश ते आपल्या घरच्या इटालियनमध्ये कालवून बोलायचे आणि ती सगळ्यांना समजायची. बांधावर उभं राहून त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला, फिदेन्सियोला, हाक मारली.

"घाल पालथं सगळं."

फिदेन्सियोने तव्यांचा नांगर जोडला. तयार झालेलं, कापणीला आलेलं ते रान, वाफ्यामागून वाफा, गोल तव्यांखाली कापत मातीत गाडलं जायला लागलं. बायका यंत्रावरून उतरून रांगेत उभ्या राहिल्या. तिघीचौघींनी तोंडावरचे रुमाल खाली ओढले होते, मयताला ओढावेत तसे. वास सुटला तो तेव्हा.

फिदेन्सियो एरवी ट्रॅक्टरवर शीळ घालणारा माणूस. त्याच्या सरीला दोरी लावून बघावी, इतकी सरळ जायची ती, आणि याचा त्याला भलताच ताठा होता. त्या दिवशी दुपारी तो खाण्याच्या ट्रकपाशी आला, बुरितो घेतला, तसाच कागदात गुंडाळलेला हातात धरून बसला आणि मग शेजारच्याला देऊन टाकला. आम्पारोने ते पाहिलं. तोवर ती त्याला नुसता शिष्ट समजत होती.

त्या उन्हाळ्यात आणखी दोन तुकडे गाडले गेले. थंडीत नेहमीप्रमाणे सगळी माणसं दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला युमाला, तिथल्या हिवाळी लेट्यूसवर गेली. परत आली तेव्हा सॅलिनासच्या टेकड्या हिरव्या होत्या आणि पेद्रात्सी मालकांना एक नवं वेड लागलेलं होतं.

झालं होतं असं, की नदीकाठचा तुकडा औषधाविना पिकवायचा करार त्यांनी खरेदीदाराशी केला होता. औषधाने गाभ्यातला मावा मरतच नसेल तर फवारायचं तरी कशाला, असा त्यांचा हिशोब. मग मावा मारायचा कोणी? त्यासाठी कृषी कार्यालयातल्या मिस ओकुमा यायला लागल्या. बारीक चणीच्या, वॉटसनव्हिल गावच्या स्ट्रॉबेरीवाल्या जपानी घराण्यातल्या, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेल्या. त्यांचं म्हणणं असं, की लेट्यूसच्या रांगेतच अधूनमधून अलिसम लावायचं. पांढऱ्या बारीक फुलांचं, मधासारख्या वासाचं बुटकं झाड. त्या फुलांवर एक माशी येते, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी तरंगणारी. ती फुलातले पराग खाते आणि अंडी घालते ती माव्याजवळ. पुढचं काम तिची पोरं करतात.

मालक म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि आता तेच माश्यांना आवतण द्यायला निघाले होते.

"मला एक माणूस पाहिजे," त्यांनी भरणीच्या बायकांसमोर उभं राहून सांगितलं. "रोज शेतात फिरायचं, गड्डे उपटायचे, पान न् पान सोलायचं आणि आत काय आहे ते मला सांगायचं. जमेल तेवढं सावकाश."

सगळ्या बायकांनी एकदम आम्पारोकडे पाहिलं आणि यंत्रावर हशा पिकला.

"घेऊन जा, मालक," चेलो म्हणाली. "आमचं कल्याण होईल आणि तिचंही."

अशी आम्पारो यंत्रावरून खाली उतरली. कामात मंद म्हणून बढती मिळालेली ती त्या खोऱ्यातली पहिलीच बाई असावी, असं चेलो पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगायची.

मिस ओकुमांनी तिला एक भिंग दिलं. पहिल्यांदा त्यातून पाहिलं तेव्हा मावा तिला वासरांसारखा दिसला, सगळे एकाच दिशेला तोंड करून शांतपणे चरणारे.

फिदेन्सियोचा मात्र त्या फुलांवर दात होता. कोळपं चालवताना लेट्यूसची सरळ रांग आणि मध्येच पसरलेला पांढरा गुच्छ. चुकवावा तर रेघ वाकडी होते, कापावा तर मालक ओरडतात. त्यात खाण्याच्या ट्रकपाशी दुसऱ्या मळ्यांवरचे ट्रॅक्टरवाले भेटायचे.

"काय फिदेन्सियो, नवरीचा गुच्छ कितीला दिलास?"

"फुलवाले, आमच्या पोरीच्या बारशाला थोडी फुलं पाठव रे."

तो लाल व्हायचा आणि तो सगळा राग आणून आम्पारोवर काढायचा.

"तुम्ही सांगा मालकांना," तो म्हणायचा. ते एकमेकांना तेव्हा तुम्हीच म्हणायचे. "आपण लेट्यूस विकतो की हारतुरे?"

"मी काय सांगू? मी पानं सोलणारी बाई."

"ते तुमचं ऐकतात."

"मग तुम्ही पण ऐका. ते खालच्या टोकाचं झुडूप तुम्ही कापलंत. मी पाहिलंय."

"ते मध्ये आलं."

"ते तिथंच होतं. मध्ये तुम्ही आलात."

तो ट्रॅक्टरवर चढून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी खालच्या टोकाला, जिथलं झुडूप कापलं गेलं होतं तिथं, कडेचं एक अलिसम मुळासकट आणून लावलेलं आणि भोवती हाताने माती दाबलेली आम्पारोला दिसली.

गड्डे धरायला लागले तसा मावा आलाच. आधी एखाद्या रोपात, मग ओळीने. आणि त्याच्या जोडीला आम्पारोला आणखी एक प्रकार सापडला. हिरवट, पारदर्शक, बिनपायाची, शेंबडासारखी अळी. गाभ्यात माव्यातच लोळत पडलेली. तिला शिसारी आली. एक कीड कमी होती म्हणून की काय दुसरी आली, असं मनाशी म्हणत ती दिसेल ती अळी अंगठ्याखाली चिरडायला लागली. बरेच दिवस तिने हे काम मोठ्या निष्ठेने केलं. मालकांनाही सांगून टाकलं, की मावा वाढतोय, वर नवीन अळी आलीय, पण काळजी करू नका, मी मारतेय.

मिस ओकुमा आल्या तेव्हा तिने त्यांच्यासमोर एक मारून दाखवली.

मिस ओकुमांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "आम्पारो, हीच ती."

"कोण ती?"

"माशीची पोरं. जिच्यासाठी आपण ही सगळी फुलं लावली, तिची."

आम्पारोने अंगठ्याकडे पाहिलं. तो तिने पँटला पुसला, आणि पुसून झाल्यावर आणखी वाईट वाटलं. मिस ओकुमांचे ओठ थरथरत होते. त्या रडताहेत की काय, असं वाटेपर्यंत त्यांना हसू फुटलं, आणि मग दोघी वाफ्यात बसून पोट धरून हसत सुटल्या. हसण्याचा भर ओसरल्यावर मिस ओकुमांनी एक जिवंत अळी शोधली आणि भिंग तिच्या हातात दिलं. अळीने आंधळ्यासारखं डोकं इकडेतिकडे फिरवलं, एका माव्याला धरलं, वर उचललं आणि शोषून घेतलं. रिकामं सालपट बाजूला पडलं. मग पुढचा.

"देवा," आम्पारो म्हणाली, "ही तर आमच्या काकासारखी जेवते."

पण आता खरी परीक्षा होती ती वाट बघण्याची. मावा पुढे होता आणि अळ्या मागे. रोज सकाळी धुक्यात आम्पारो गुडघाभर ओली होऊन गड्डे सोलायची, आणि रोज मालकांना तेच सांगायची: मावा आहे, अळ्याही आहेत. मालक गाड्यांत, गोदामात, घरच्या पायरीवर, कुठंही असोत, तिला बघून उठून उभे राहायचे आणि ऐकून झालं की पुन्हा बसायचे. दिवसेंदिवस त्यांचं ते उठणं जड होत गेलं. कापणीची तारीख ठरलेली होती. तपासनीस येणार होता. शेजारच्या मळ्यावर नवीन औषध मारलं होतं आणि तिथले लोक कुंपणावरून या पांढऱ्या फुलांकडे बघून जायचे.

एका दुपारी वारा सुटलेला असताना मालक स्वतः शेतात उतरले. त्यांनी हाताला येईल तो गड्डा उपटला, मधोमध मोडला. आत मावा वळवळत होता. त्यांनी दुसरा मोडला. तिसरा मोडला नाही.

"फिदेन्सियो," त्यांनी बांधावरून हाक दिली. "उद्या सकाळी हा तुकडाही घाल पालथा. तपासनिसाने तोंड फिरवून जाण्यापेक्षा आपणच केलेलं बरं."

"बरं, मालक," फिदेन्सियो म्हणाला.

आम्पारोने मोडलेले गड्डे उचलले. काय बोलणार? अळ्या जिंकतील असं तिला वाटत होतं. पण वाटण्यावर कुणाचं रान उभं ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर शेतावर आली. नदीकाठच्या बांधावर उभी राहून ट्रॅक्टरच्या आवाजाची वाट बघत राहिली. धुकं उठलं. कर्कश आवाजात कावळे ओरडायला लागले. ट्रॅक्टर काही आला नाही. शेवटी न राहवून ती अवजारांच्या शेडकडे गेली.

फिदेन्सियो जमिनीवर मांडी घालून बसला होता. तव्यांचा नांगर खोलून ठेवलेला. तवे एका बाजूला भिंतीला टेकवलेले, आणि गोणपाटावर बेअरिंगं ओळीने मांडून तो एकेक डिझेलमध्ये धुवत होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बेअरिंग."

"मोडलं?"

"मोडेल असं वाटत होतं," तो मान वर न करता म्हणाला.

ती तिथंच दारात उभी राहिली. त्याच्या कोपरापर्यंत काळं तेल लागलेलं होतं. तो खूप लक्ष देऊन काम करत होता, ज्याला काही करायचं नसतं तसा.

"गेल्या साली तीन रानं गाडली मी," तो म्हणाला. "माझ्या हातची पेरणी, माझ्या हातची कोळपणी, आणि वर माझ्याच हातचा नांगर. घरी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, खायची वस्तू मातीत घालायला तुला काय भूत लागलंय. मी काय सांगू तिला?"

इतक्यात मालकांचा पिकअप येऊन थांबला. मालक आत आले, त्यांनी भिंतीला टेकवलेले तवे पाहिले, गोणपाटावरची बेअरिंगं पाहिली. त्यांतलं एक उचलून कानाजवळ नेऊन फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. हा माणूस लहानपणापासून यंत्रांत हात घालत आलेला होता. बेअरिंग चांगलं की वाईट हे त्यांना सांगायला नको होतं.

"हे जोडून कधी होईल?" त्यांनी विचारलं.

फिदेन्सियोने हात फडक्याला पुसले. "ते या बाईंना विचारा, मालक."

मालक तिच्याकडे वळले.

"मला माहीत नाही," आम्पारो म्हणाली. "मिस ओकुमा म्हणतात, अजून आठवडाभर तरी. पण काल मी सोलले त्या बहुतेक गड्ड्यांत अळ्या होत्या, मोठ्या, आणि पानांवर माव्याची रिकामी सालपटं होती. परवा इतकी नव्हती."

"आणि अळी असलेला गड्डा कोण घेईल?"

"मावा संपला की त्या खाली उतरतात. मातीत जातात. त्यांचं आमच्यासारखंच आहे, मालक. काम संपलं की तिथं थांबत नाहीत."

मालक एका पालथ्या क्रेटवर बसले. ते बेअरिंग त्यांनी बोटांत फिरवत ठेवलं.

"माझ्या बापाच्या गाई नेल्या," ते म्हणाले, "तेव्हा तो इथंच बसला होता. तेव्हा हा गोठा होता. रोग निघाला, सरकारी माणसं आली, सगळा कळप गाडीत चढवला. धट्टीकट्टी गाय, आणि आत रोग. दिसत काही नव्हतं. मी दारात उभा होतो, आता ही उभी आहे ना, तिथं. बाप म्हणाला, घाई झाली. एवढंच म्हणाला. पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही."

मग ते उठले आणि बेअरिंग फिदेन्सियोच्या हातात परत दिलं.

"नीट ग्रीस भर. घाईत काही करू नकोस."

त्यानंतरचे दिवस आम्पारोला पुढे आयुष्यभर पुरले. सकाळी ती शेतात जायची तर फिदेन्सियो आधीच बांधावर आलेला असायचा, दोन कप कॉफी घेऊन. नांगर दुरुस्तीला असल्यामुळे त्याला काम नव्हतं, असं तो येईल त्याला सांगायचा. तो तिच्या मागोमाग वाफ्यातून चालायचा, तिने सोललेली पानं तळहातावर घेऊन बघायचा. सुरुवातीला त्याला काही दिसायचं नाही. तिने भिंग दिलं. मग त्याला एवढा नाद लागला की भिंग परत मिळवायला तिला भांडावं लागायचं. ऊन वर आलं की अलिसमवर माश्या यायच्या आणि दोघांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, हवेत खिळल्यासारख्या, एका जागी थांबायच्या. मधाचा वास सुटायचा.

आणि गाभे स्वच्छ व्हायला लागले. एकाएकी नाही, आधी वरच्या अंगाचे, मग मधले. मावा जाऊन सालपटं उरली. मग अळ्याही कमी झाल्या, आणि खालच्या पानांखाली, मातीवर, पाण्याच्या थेंबासारखे बारीक कोष दिसायला लागले. मालकांनी खरेदीदाराला फोन करून कापणी पुढे ढकलली. फोनवर काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते गोदामाबाहेर आले तेव्हा कान मात्र लाल होते.

कापणीच्या दिवशी तोच तपासनीस आला. त्याने गड्डे निवडले, उभे चिरले. पानं सारली, प्रकाशाकडे धरली. यंत्र थांबलेलं होतं आणि पंखांवरच्या बायका रुमालाआडून बघत होत्या. चेलो बोटांत जपमाळ असल्यासारखी पिशवी चुरत होती. तपासनिसाने आणखी काही गड्डे चिरले. मग त्याने चाकू पुसला.

"भरा," तो म्हणाला.

सगळंच काही साधलं नाही. थांबण्याच्या नादात वरच्या टोकाचं लेट्यूस जून झालं, त्याला तुरे आले, ते तसंच सोडावं लागलं. मालकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. पण बाकीचं रान गाड्यांत भरून गेलं, आणि भरणीच्या बायका त्या दिवशी इतक्या जोरात बोलत होत्या की यंत्राचा आवाज ऐकू येत नव्हता.

संध्याकाळी बांधावर फिदेन्सियोने विचारलं, "थंडीत युमाला जाशील ना?"

त्याने पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. आम्पारोने ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"जाईन की. तू?"

"मी पण," तो म्हणाला, आणि इतका गोंधळला की टोपी विसरून गेला.

युमाच्या हिवाळ्यात त्यांचं लग्न झालं. चेलोने सगळ्यांना सांगितलं, की नवरीने नवऱ्याला आधी पान न् पान सोलून बघितलं, मगच हो म्हटलं.

आता त्या गोष्टीला किती वर्षं झाली. खोऱ्यात आज पांढऱ्या फुलांचे पट्टे ठिकठिकाणी दिसतात; रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, शोभेसाठी लावलेत. त्यावर कुणी हसत नाही. फिदेन्सियो निवृत्त होऊन घराशेजारी टोमॅटो लावतो, तेही दोरी लावून. पेद्रात्सींच्या मुलांनी जमीन एका कंपनीला कसायला दिली, आणि मालकांना थकल्यावर सॅलिनासच्या वृद्धाश्रमात ठेवलं.

तिथं आम्पारो त्यांना भेटायला जायची. शेवटी शेवटी ते माणसं ओळखत नसत. तिला कधी बहीण समजायचे, कधी नर्स. एकदा ती बाजारातून जाता जाता तशीच आत शिरली आणि पिशवीतून लेट्यूसचा एक गड्डा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं. मालकांनी तो दोन्ही हातांनी फिरवला. मग बाहेरचं पान काढलं, आतलं काढलं, त्याच्या आतलं काढलं. खिडकीकडे धरून चुण्यांतून बोट फिरवलं.

"स्वच्छ आहे," ते त्यांच्या घरच्या भाषेत म्हणाले.

"हो, मालक."

"मीठ कुठंय?"

मीठ त्यांना बंद होतं. आम्पारोने दाराकडे पाहिलं, नर्स दिसत नव्हती. ती उठली, व्हरांड्यातून जेवणघरात गेली, टेबलावरची मीठदाणी पदराआड धरावी तशी स्वेटरखाली धरून घेऊन आली, आणि दार लावून घेऊन त्यांच्या शेजारी बसली.